आधी माणसं, मग डांबर

१९४८ साली कॅमेरॉन आर्गेटसिंगर हा तरुण अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात कायदा शिकत होता. त्याच्याकडे एमजी बनावटीची छोटी, उघड्या टपाची गाडी होती. ती मनासारखी पळवायला मात्र जागा नव्हती. न्यूयॉर्क राज्यात सेनेका सरोवराच्या टोकाला वॉटकिन्स ग्लेन नावाचं गाव आहे. उन्हाळ्यात त्याच्या घरच्यांचं बिऱ्हाड तिथे असे, त्यामुळे गावाभोवतीचे चढ, वळणं, दगडी पूल सगळं त्याच्या ओळखीचं. हेच रस्ते एकमेकांना जोडून त्याने ६.६ मैलांचा, म्हणजे साडेदहा किलोमीटरहून थोडा जास्त लांबीचा, एक फेरा आखला आणि गावातल्या व्यापाऱ्यांपुढे ठेवला. वाटेत रेल्वेचं फाटक लागत होतं, तर शर्यत चालू असेपर्यंत गाड्या थांबवण्याचं रेल्वे कंपनीने मान्य केलं. तारीख ऑक्टोबरची, कारण तोवर पर्यटकांचा हंगाम ओसरलेला असतो. २ ऑक्टोबर १९४८ रोजी शर्यत झाली आणि आर्गेटसिंगर स्वतःही आपली एमजी घेऊन तीत उतरला. महायुद्धानंतर अमेरिकेत रस्त्यांवर भरलेली ती पहिली मोठी मोटार शर्यत. त्याच दिवशी इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोन इथल्या हवाई दलाच्या जुन्या तळावर ग्रांप्री चालू होती, हा योगायोग.

या विद्यार्थ्याने जमीन घेतली नव्हती की डांबर ओतलं नव्हतं. त्याच्या हातात एक नकाशा होता, गावाच्या सोयीची एक तारीख होती आणि गावाने 'हो' का म्हणावं याचं उत्तर होतं. खासगी मोटरस्पोर्ट क्लबचा आराखडा करायला बसलेल्या आजच्या विद्यार्थ्यांनी नेमक्या याच तीन गोष्टींपासून सुरुवात करायला हवी. बहुतेक जण मात्र सुरुवात करतात ती ट्रॅकच्या चित्रापासून.

अशा आराखड्यांची कल्पना आता दूरची राहिलेली नाही. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी छोटी रेसिंग कार स्वतः बनवून स्पर्धेत उतरवायची, ही पद्धत अमेरिकेत १९८१ साली 'फॉर्म्युला एसएई' या नावाने सुरू झाली. आपल्याकडे 'फॉर्म्युला भारत' आणि 'सुप्रा' या स्पर्धा त्याच वळणाच्या. याच घडणीच्या 'फॉर्म्युला स्टुडंट' स्पर्धेच्या १००० गुणांपैकी ३२५ गुण गाडी जागची हलण्याआधीच ठरतात. रचनेचे १५०, खर्चाच्या हिशेबाचे १०० आणि व्यवसाय आराखड्याचे ७५. परीक्षक गुंतवणूकदार म्हणून समोर बसतात आणि विद्यार्थ्यांनी त्यांना आपला धंदा पटवून द्यायचा असतो. आयआयटी मुंबईचा संघ विजेवर चालणारी गाडी घेऊन इंग्लंडच्या स्पर्धेला गेलेला आहे. मुंबई-पुण्याच्या कितीतरी कॉलेजांत असे संघ आहेत. रात्र रात्र वर्कशॉपमध्ये घालवलेली ही मुलं पदवी हातात पडली की पांगतात. त्यांच्यापाशी जमलेलं कौशल्य एकत्र ठेवणारी संस्था म्हणून क्लबकडे पाहिलं, तर ही कल्पना श्रीमंतांच्या हौसेपलीकडे जाते. म्हणूनच तिच्याकडे गांभीर्याने पाहायला हवं.

खासगी क्लब म्हटलं की डोळ्यांपुढे येतात ते अमेरिकेतले भव्य ट्रॅक. इलिनॉय राज्यात जोलिएट गावाजवळ 'ऑटोबान कंट्री क्लब' आहे. सुमारे ३५० एकर जागा आणि ३.५६ मैलांचा ट्रॅक. तो मधोमध तोडून एकाच वेळी दोन वेगळे ट्रॅक म्हणूनही वापरता येतो. न्यूयॉर्कपासून दोनेक तासांवरचा 'मॉन्टिसेलो मोटर क्लब' २००८ साली एका जुन्या विमानतळाच्या जागेवर उभा राहिला. जपानमध्ये चिबा प्रांतातल्या डोंगरात २०२३ साली 'मागारिगावा क्लब' सुरू झाला. गोल्फ क्लबची घडी या सगळ्यांनी मोटारींना लावली आहे. सुरुवातीला मोठं प्रवेशशुल्क, मग दरवर्षी वर्गणी. ट्रॅकच्या कडेला जेवणघर, गाड्या ठेवायला गॅरेज.

कॅलिफोर्नियातल्या वाळवंटातला 'थर्मल क्लब' याच्याही पुढे गेला. इंधनाच्या व्यापारात पैसा कमावलेल्या टिम रॉजर्स यांनी तो उभारला. इथल्या सदस्याने ट्रॅकच्या काठावर बंगला बांधायचा, अशी योजना आहे. २०२४ मध्ये इंडिकार मालिकेची निमंत्रितांची शर्यत तिथे झाली आणि २०२५ मध्ये अजिंक्यपदाच्या गुणांची. दोन्ही आलेक्स पालौ या चालकाने जिंकल्या. बाहेरून हा क्लब वेगाचा धंदा करताना दिसतो, पण त्याच्या ताळेबंदाचा कणा जमीन आणि घरं हा आहे. ट्रॅकमुळे भूखंडाला किंमत येते आणि भूखंडाच्या पैशातून ट्रॅक चालतो. हा धंदा बिल्डरचा आहे, आणि विद्यार्थ्यांच्या हातात बिल्डरचं भांडवल नसतं. म्हणून थर्मलची नक्कल करणारा आराखडा कॉलेजच्या स्पर्धेत टाळ्या मिळवेल, पण बँकेच्या दारात टिकणार नाही.

मग विद्यार्थ्यांनी कुणाकडे पाहावं? त्याचं उत्तर देशातच आहे, मद्रासमध्ये.

मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ साली स्थापन झाला. ट्रॅक नव्हता. शहराबाहेर शोलावरम इथे युद्धकाळातली धावपट्टी पडून होती, तिच्यावर शर्यती भरू लागल्या. धावपट्टीचे फायदे उघड आहेत. पक्का पृष्ठभाग तयार, आजूबाजूला वस्ती विरळ आणि कडेला गाडी घसरली तर थांबायला मोकळी जागा. इंग्लंडमधलं सिल्व्हरस्टोन आणि गुडवुड हेही हवाई दलाचेच तळ होते. शोलावरमला दूरदूरहून माणसं येत, तंबू पडत, गाड्या तिथेच उघडून दुरुस्त होत. या साऱ्यातून ट्रॅकच्या कडेला झेंडे दाखवणारे मार्शल तयार झाले, वेळ नोंदणारे तयार झाले, वाहनांची तपासणी करणारे तयार झाले. श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टई इथे क्लबचा स्वतःचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक सुरू झाला तो १९९० मध्ये. मधे सदतीस वर्षं गेली. आधी माणसं जमली, त्यांना काम येऊ लागलं आणि डांबर सगळ्यात शेवटी आलं.

उलटा क्रमही आपल्याकडे पाहायला मिळाला. ग्रेटर नोएडाजवळचा बुद्ध इंटरनॅशनल सर्किट पाच किलोमीटरहून लांब, जागतिक दर्जाचा. २०११ ते २०१३ अशी तीनच वर्षं तिथे फॉर्म्युला वन शर्यत झाली. मनोरंजन करावरून वाद झाला, वेळापत्रकातून शर्यत गेली आणि पुढे थकबाकीमुळे यमुना एक्स्प्रेसवे प्राधिकरणाने उभारणाऱ्या कंपनीचं जमीनवाटपच रद्द केलं. २०२३ मध्ये मोटोजीपी तिथे आली खरी, पण एवढा मोठा ट्रॅक रोज, दर आठवड्याला वापरणारा सदस्यवर्ग मुळात घडलेलाच नव्हता. ट्रॅकची खरी परीक्षा शर्यतीच्या रविवारी होत नाही. कुणी येत नाही अशा मंगळवारी त्याचं वीजबिल कोण भरतं, तिथे ती होते.

आता हिशेबाकडे. मोटरस्पोर्ट क्लब विकतो काय? गाड्या नाहीत, वेगही नाही. तो विकतो ट्रॅकवरची मिनिटं, आणि ती मोजकीच असतात.

वर्षात ५२ शनिवार-रविवार. महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर पाऊस धरला तर त्यातले पस्तीसच्या आसपास उरतात, म्हणजे जेमतेम सत्तर दिवस. परीक्षा, दिवाळी आणि मे महिन्यातली काहिली वजा केली की आणखी कमी. एका दिवसात प्रत्यक्ष गाडी पळते ती सहा तासांच्या आसपास. सगळ्यांना एकदम सोडता येत नाही. नवखे, सरावलेले आणि मुरलेले असे तीन गट करायचे आणि प्रत्येकाला तासातली वीस मिनिटं द्यायची, ही जगभरची रूढ पद्धत आहे. म्हणजे एका माणसाच्या वाट्याला दिवसाला जास्तीत जास्त दोन तास. तीनेक किलोमीटरच्या ट्रॅकवर एका वेळी पंधरा गाड्या धरल्या तर दिवसाला पंचेचाळीस.

समजा, ट्रॅकचं भाडं, रुग्णवाहिका, डॉक्टर, अग्निशामक साधनं, मार्शल, बंद पडलेली गाडी ओढून आणणारा ट्रक आणि जेवण असा दिवसाचा सगळा खर्च तीन लाख रुपये झाला. हा आकडा फक्त रीत समजावी म्हणून घेतला आहे. पंचेचाळीस गाड्या आल्या तर माणशी ६,६६७ रुपये पडतात. पंचवीसच आल्या तर १२,०००. खर्च तोच राहतो, कारण रुग्णवाहिका अर्धी बोलावता येत नाही. जवळपास सगळे खर्च ठाम आणि उत्पन्न मात्र हजेरीवर, असा हा धंदा आहे. म्हणूनच असे क्लब वर्गणी आगाऊ घेतात. प्रवेशशुल्क भांडवलासाठी, वार्षिक वर्गणी ठाम खर्चासाठी आणि दिवसाचं शुल्क त्या दिवसासाठी, असे तीन कप्पे वेगळे ठेवावे लागतात. नव्या सदस्यांच्या प्रवेशशुल्कातून जुन्या दिवसांची बिलं भागवायला लागलेला क्लब भरती मंदावली की बसतो. मॉन्टिसेलो सुरू झाला ते वर्ष जागतिक आर्थिक संकटाचं होतं. असं वर्ष कुणाच्याही वाट्याला येऊ शकतं, हे आराखड्यात धरलेलं असावं.

रुग्णवाहिकेबद्दल एक गोष्ट विद्यार्थ्यांना सहसा कुणी सांगत नाही. जखमीला घेऊन ती रुग्णालयात निघाली की ट्रॅक त्याच क्षणी थांबतो, ती किंवा दुसरी येईपर्यंत. दिवसभर एकच रुग्णवाहिका ठेवणाऱ्याने एका किरकोळ अपघातात अर्धा दिवस गमावण्याची तयारी ठेवावी; दुसरी ठेवली तर खर्च वाढतो. बजेटची खरी चर्चा अशा ओळींवर होते, आणि तिथे काटकसर करणाऱ्या क्लबवर कुणीही आपल्या मुलाला सोपवू नये.

पैशाइतकाच कठीण प्रश्न आवाजाचा. जगातला पहिला खास बांधलेला मोटार ट्रॅक म्हणजे इंग्लंडमधला ब्रुकलँड्स. ह्यू लॉक किंग यांनी आपल्या मालकीच्या जमिनीवर १९०७ साली तो उभारला. त्यात ते कर्जबाजारी होता होता वाचले आणि पत्नी एथेल यांनी कारभार सावरला. उद्घाटनाला पंधरा दिवस होत नाहीत तोच एस. एफ. एज यांनी तिथे सलग चोवीस तास गाडी चालवण्याचा विक्रम केला. शेजाऱ्यांची रात्रभर झोप उडाली आणि पुढे तिथे रात्रीच्या शर्यती झाल्याच नाहीत. १९२९ मध्ये चोवीस तासांची शर्यत घ्यायची तर ती दोन दिवसांत बारा-बारा तास अशी वाटून घ्यावी लागली. १९२४ साली रहिवासी कोर्टात गेल्यावर गाड्यांना ठरावीक सायलेन्सर लावणं सक्तीचं झालं. अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या लाइम रॉक पार्कवर कोर्टाच्या १९५९ च्या मनाईपासून रविवारी शर्यत होत नाही. इंग्लंडच्या क्रॉफ्ट ट्रॅकवर २००९ मध्ये न्यायालयाने आवाजाच्या दिवसांना वर्षाला चाळीसची मर्यादा घातली. सत्तर दिवसांवर उभा केलेला हिशेब अशा एका निकालाने चाळीसवर येतो.

यावर आयोजकांचं नेहमीचं उत्तर असतं, 'ट्रॅक आधीपासून होता, घर नंतर आलं.' ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सफोकमधल्या एका स्पीडवे मैदानाच्या खटल्यात हा बचाव मानला नाही. मैदान सत्तरच्या दशकापासून चालू होतं, तक्रारदार जोडप्याने बंगला घेतला २००६ मध्ये; तरी दाद जोडप्याला मिळाली. नियोजन विभागाची परवानगी हातात आहे, एवढ्याने शेजाऱ्याचा हक्क संपत नाही, असंही त्या निकालात म्हटलं आहे. हा निकाल भारतात बंधनकारक नाही, पण उपद्रवाविषयीचा आपला कायदा त्याच मुळातून आलेला आहे.

आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे. इथे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना आपलं शिक्षण वापरता येतं. इंग्लंडमधल्या बऱ्याच ट्रॅकवर गाडी उभी असताना सायलेन्सरपासून अर्ध्या मीटरवर आवाज मोजतात आणि मर्यादा शंभर डेसिबेलच्या आसपास ठेवतात. त्याहून मोठ्याने ओरडणारी गाडी परत जाते. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबेलने उतरतो. अर्धा मीटर ते पाचशे मीटर हे अंतर हजारपट, म्हणजे साठ डेसिबेलची घट. शंभराचे चाळीस झाले. पण पंधरा गाड्या एकदम पळाल्या की सुमारे बारा डेसिबेल वाढतात. बेरीज ५२. कागदावर आपण मर्यादेच्या आत आहोत, आणि फसवणूक नेमकी इथेच होते. पूर्ण ताकदीने पळणारी गाडी उभ्या गाडीपेक्षा जास्त ओरडते, वारा गावाच्या दिशेने असला की आवाज दूरवर जातो, समोरची टेकडी तो परत पाठवते. म्हणून जागा ठरवण्याआधी आवाजमापक घेऊन जवळच्या गावांत वेगवेगळ्या ऋतूंत उभं राहावं आणि नोंदी ग्रामपंचायतीला दाखवाव्यात. विजेच्या गाड्यांनी एंजिनाचा आवाज जातो, टायर मात्र वळणावर किंचाळतातच.

शेजारी आवाजामुळे कोर्टात जातो, प्रेक्षक अपघातामुळे. ब्रुकलँड्सवर १९३० मध्ये एक गाडी कुंपण ओलांडून प्रेक्षकांत गेली. त्यावरचा 'हॉल विरुद्ध ब्रुकलँड्स ऑटो रेसिंग क्लब' हा खटला आपल्याकडे कायद्याच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. वाजवी काळजी घेतली असेल तर खेळातला अंगभूत धोका प्रेक्षकाने पत्करलेला असतो, असं म्हणत अपील न्यायालयाने क्लबला जबाबदारीतून मोकळं केलं. विद्यार्थ्यांचं लक्ष दुसऱ्या भागावर जातं आणि पहिला भाग, वाजवी काळजी, मागे पडतो. वॉटकिन्स ग्लेनला नेमकं तेच महागात पडलं. १९५२ साली गावातल्या पदपथावर दाटलेल्या गर्दीला गाडी लागली आणि सात वर्षांचा मुलगा दगावला. गावातली शर्यत तिथेच संपली. पुढची तीन वर्षं ती बाहेरच्या ग्रामीण रस्त्यांवर गेली आणि १९५६ मध्ये कॉर्नेलच्या अभियंत्यांच्या मदतीने बंदिस्त ट्रॅक बांधला गेला. १९६१ ते १९८० तिथे फॉर्म्युला वन आलं. त्यानंतर कर्जाने संस्था दिवाळखोरीत गेली आणि नव्या मालकांनी १९८४ मध्ये ट्रॅक पुन्हा उघडला. गर्दी कुठे उभी राहणार याचा विचार पहिल्या नकाशावरच व्हायला हवा होता, आणि हे सांगताना आर्गेटसिंगरच्या धडाडीचा मान कमी होत नाही.

आपल्या विमा पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' या मथळ्याखाली शर्यत आणि वेगाची चाचणी स्पष्टपणे वगळलेली असते. म्हणजे ट्रॅकवर नेलेली घरची गाडी आदळली तर विमा कंपनी पैसे देणं लागत नाही. सदस्याने हे सही करण्याआधी वाचलेलं असावं आणि क्लबने स्वतःच्या जबाबदारीचा व सदस्यांच्या अपघाताचा विमा वेगळा घ्यावा. रस्त्याचा तर प्रश्नच नाही. राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

महाराष्ट्रात जमिनीची अडचण निराळी. शेतकरी नसलेल्या माणसाला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि घेतली तरी तिचा वापर बिगरशेती करून घ्यावा लागतो. विद्यार्थ्यांच्या आराखड्यात 'शंभर एकर खरेदी' अशी ओळ असेल तर परीक्षकाने तिथेच थांबवावं. संस्थेचं रूपही आधी ठरवलेलं बरं. सोसायटी केली तर महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांकडचीही नोंदणी येते. कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची कंपनी केली तर नफा वाटता येत नाही. खासगी कंपनी केली तर गुंतवणूक घेता येते, पण मग सदस्य हे मालक राहत नाहीत, ग्राहक होतात. खेळासाठी फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाची संलग्नता, स्पर्धेची मंजुरी आणि चालकांचे परवाने लागतात. क्लबने या कागदांकडे कटकट म्हणून पाहू नये. फेडरेशनचा निरीक्षक कुंपण कुठे हवं हे सांगतो, तेव्हा त्याच्या सांगण्यामागे अनेक देशांतल्या अपघातांचा अनुभव असतो.

एवढं सगळं वाचून वाटेल की हे विद्यार्थ्यांचं काम नव्हे. केंब्रिजमध्ये शिकतानाच शर्यतींत उतरलेल्या व्हिटनी स्ट्रेटचं उदाहरण त्याला दुजोराही देईल. त्याने १९३४ साली चक्क मर्यादित कंपनी काढून मासेराती गाड्यांचा संघ चालवला. घरचा पैसा होता, स्वतः उत्तम चालक होता, तरी एका हंगामात तो व्यवसाय गुंडाळून तो विमानतळांच्या धंद्याकडे वळला.

दुसरं उदाहरण मात्र उलट दिशेला नेतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकणाऱ्या कॉलिन चॅपमनने १९४८ मध्ये मैत्रिणीच्या घरामागच्या गॅरेजात जुन्या ऑस्टिन सेव्हनवर आपली पहिली गाडी बांधली. पुढे तो '७५० मोटर क्लब'मध्ये सामील झाला. १९३९ साली स्थापन झालेला हा क्लब स्वस्त ऑस्टिन सेव्हनच्या मालकांचा. ट्रॅक नाही, बंगला नाही. ट्रॅक भाड्याने घ्यायचे आणि नियम असे करायचे की कमी पैशाची गाडीही जिंकू शकेल. तिथल्या शर्यतींत चॅपमन घडला आणि त्याची लोटस पुढे फॉर्म्युला वनची अजिंक्य ठरली. कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी आपल्याकडे हेच केलं. मारुती ८०० च्या एंजिनावर त्यांनी एकआसनी 'फॉर्म्युला मारुती' उभी केली आणि मध्यमवर्गीय मुलांना रेसिंग कारमध्ये बसवलं. १९९५ मध्ये विमान अपघातात ते गेले; कोइमतूरच्या ट्रॅकला त्यांचं नाव आहे, आणि फॉर्म्युला भारतची मुलं आज तिथेच आपल्या गाड्या उतरवतात.

विद्यार्थ्यांचा क्लब या वळणाने जावा. पहिल्या वर्षी ट्रॅकची गरजच नाही. पावसाळ्याचे चार महिने वर्गात घालवता येतात. झेंड्यांच्या खुणा, अग्निशामक नळकांडं चालवणं, जखमीला गाडीतून कसं काढायचं नाही, हे सगळं डॉक्टर आणि जाणत्या मार्शलकडून शिकायचं. ऑक्टोबरात टीएसडी रॅली घ्यावी; वेग, वेळ आणि अंतर यांचं गणित सांभाळत, रहदारीचे नियम पाळत ती चालते आणि घाईने आधी पोचणाऱ्याला दंडाचे गुण मिळतात. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन स्त्रियांसाठी याच प्रकारची 'रॅली टु द व्हॅली' भरवते, आणि तिथे घरची गाडी चालते. हिवाळ्यात रीतसर मंजुरी घेऊन मोकळ्या मैदानावर शंकू मांडून ऑटोक्रॉस; एका वेळी एकच गाडी, वेग बेताचा, पण चालकाचं कसब उघडं पडतं. त्यानंतर कार्टिंग. कोल्हापूरच्या मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर कार्टिंगच्या राष्ट्रीय फेऱ्या झाल्या आहेत. एका दिवसासाठी असा ट्रॅक घेणं हा क्लबच्या ऐपतीतला खर्च आहे. स्वतःची गाडी नसलेल्या सदस्यांसाठी क्लबने एखाद-दोन जुन्या हॅचबॅक घेऊन त्यांना सुरक्षेचा पिंजरा बसवावा आणि त्या पाळीने चालवाव्यात. वर्कशॉप कॉलेजचं, हात सदस्यांचे.

मुलींची नोंदणी किती, वर्गणी न परवडणाऱ्या पण वेळ नोंदायला येणाऱ्या मुलाला ट्रॅकवर किती मिनिटं मिळतात, हेही आराखड्यात आकड्यांनी लिहिलेलं असावं. मार्शल म्हणून चार दिवस उभं राहिलं की एक दिवस गाडी चालवायला मोफत, अशी देवघेव केली तर मनुष्यबळाचा मोठा खर्च वाचतो आणि क्लबला नुसते ग्राहक मिळण्याऐवजी कामाची माणसं मिळतात.

मग दुसऱ्या वर्षाचा जून येतो आणि वर्गणीची पुन्हा मागणी करायची वेळ येते. पहिल्या वर्षीच्या किती जणांनी ती न मागता भरली, किती दिवस अपघाताविना पार पडले आणि शेजारच्या गावातून किती तक्रारी आल्या, एवढे तीन आकडे एका पानावर मावतात. जमीनमालकाशी दहा वर्षांच्या भाडेकरारावर बोलायला जाताना सोबत न्यायचं ते हे पान. ट्रॅकचं चित्र त्याच्यामागे जोडता येईल.